वाचकांचे प्रश्न : वारसा रेल्वेचे सिग्नल, सांधे आणि टेलिफोन

ब्रिटनमधल्या वारसा रेल्वेमार्गांवर (जुन्या पद्धतीच्या गाड्या जपून चालवणाऱ्या मार्गांवर) सिग्नल आणि टेलिफोनची यंत्रणा बहुतांशी स्वयंसेवकच सांभाळतात. या कामाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत. यंत्रणा जुनी असली तरी शोभेची नाही. प्रवाशांनी भरलेली गाडी तिच्यावर विसंबून चालते, म्हणून उत्तरं तपशिलात दिली आहेत.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो आहे आणि नोकरीनिमित्त सध्या इंग्लंडमध्ये राहतो. सुट्टीच्या दिवशी वारसा रेल्वेच्या सिग्नल विभागात काम करायची इच्छा आहे. सुरुवात कुठून होते? तिथला वेग कमी असतो, तेव्हा इतकी काटेकोर यंत्रणा खरंच लागते का?

सुरुवात ग्रीसच्या डब्यापासून होते, आणि ती तशीच व्हायला हवी. कप्प्यांना तेल घालत तारेच्या कडेने चालणं, दिव्यांची काच पुसणं, केबलच्या टोकांना चिठ्ठ्या लावणं या कामांतून पूर्ण मार्ग डोळ्यांखालून जातो. कुठला लिव्हर कुठलं सिग्नल हलवतो हे नकाशावरून कळतं, पण ती तार कुठे झुडपात शिरते आणि कुठे रुळाखालून जाते हे चालल्याशिवाय कळत नाही. रुळांजवळ जाण्याआधी सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पुढे प्रत्येक प्रकारच्या कामासाठी वेगळी परीक्षा असते. तारेच्या देखभालीचा दाखला मिळाला म्हणून रिलेच्या (विजेने उघड-बंद होणाऱ्या स्विचच्या) पेटीला हात लावता येत नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ रेल्वे सिग्नल इंजिनिअर्स या संस्थेची छोट्या रेल्वेमार्गांसाठी वेगळी शाखा आहे. तिथे व्यावसायिक आणि स्वयंसेवक एकत्र येतात, तुम्हाला तिचा उपयोग होईल.

आता वेगाबद्दल. वारसा मार्गांवर साधारण ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटरची मर्यादा असते, हे खरं. पण सिग्नल यंत्रणेचं मुख्य काम दोन गाड्या एकाच जागी येऊ न देणं हे आहे. जून १८८९ मध्ये आयर्लंडमधल्या आर्मा इथे चढावर गाडीचे दोन भाग केल्यावर मागचे डबे उताराने मागे घसरले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. मागच्या गाडीचा वेग फार नव्हता. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा होऊन प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत (मार्गाच्या एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी), सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे) आणि सिग्नल यांचं परस्पर-कुलूप (एकमेकांशी विसंगत लिव्हर एकाच वेळी ओढू न देणारी रचना) आणि सलग ब्रेक या तीन गोष्टी सक्तीच्या झाल्या. पहिल्या दोन आजही सिग्नल विभागाच्याच हातात आहेत.

प्रश्न : तारेने चालणाऱ्या सिग्नलचा हात दुपारी अर्धवट उठतो आणि पहाटे पूर्ण खाली येत नाही असं वाचलं. असं का होतं, आणि दुरुस्ती कशी करतात?

सिग्नलचा हात म्हणजे खांबावरची पट्टी : आडवी असली तर थांबा, वर उठली तर जा. ती नीट न हलण्याचं कारण तापमान. पोलादाची तार दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. सिग्नल केबिनपासून (लिव्हर असतात त्या खोलीपासून) ६०० मीटरवर असेल आणि पहाटेपासून दुपारपर्यंत तारेचं तापमान २० अंशांनी चढलं, तर तार जवळपास १४४ मिलिमीटर लांबते. लिव्हरच्या एका ओढीतला मोठा वाटा मग हा ढिलेपणाच खातो, आणि हात ४५ अंश उठण्याऐवजी मध्येच लोंबकळतो. त्याने गाडीला उशीर होतो, धोका होत नाही. पहाटेचा दोष मात्र धोक्याचा आहे. थंडीने तार आखडली की लिव्हर मूळ जागी असूनही हात किंचित उचललेला राहतो आणि चालकाला संदिग्ध इशारा मिळतो. तार ताणून ठेवण्यापेक्षा थोडी सैल ठेवलेली बरी, असं जुने जाणते सांगतात ते यासाठी.

केबिनमध्ये लिव्हरजवळ तार कमी-जास्त करायचं चाक किंवा दट्ट्या असतो. रोजच्या उन्हा-थंडीचा हिशोब सिग्नलमन तिथेच जुळवतो. तो जुळेनासा झाला की सिग्नल विभागाला बोलावणं येतं. अशा वेळी थेट खांबाशी जाऊन पाना लावणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

आधी सिग्नलमनकडून यंत्रणा काम करण्यासाठी लेखी ताब्यात घ्या आणि लिव्हरवर अडकण घालायला सांगा. मग केबिनपासून खांबापर्यंत चाला. खांब्यांवरची प्रत्येक कप्पी बोटाने फिरवून पाहा. एखादी गंजून अडकलेली असते आणि तारेने तिच्यात चर पाडलेला असतो. तारेवर खडी पडली आहे का, झुडपाची फांदी वेढली आहे का, वळणावरच्या चाकाची साखळी खाचेतून सुटली आहे का, हे बघा. साखळीचे दुवे आणि स्प्लिट पिना तपासा. पीन झिजून अर्धी उरली असेल तर बदला, वाकवून पुन्हा वापरू नका. खांबाजवळचं वजन मोकळं खाली येतं ना, त्याखाली माती किंवा गवत साचलेलं नाही ना, तेही पाहा. यानंतरही ढिलेपणा उरला तरच तारेची लांबी बदलायची.

काम झालं की सिग्नल निदान पाच-सहा वेळा ओढून सोडायचं. दर वेळी एकाने खांबाजवळ उभं राहून हात आडवा येतो का आणि पूर्ण उठतो का हे डोळ्यांनी पाहायचं, दुसऱ्याने केबिनमधल्या रिपीटरची (हाताची स्थिती दाखवणाऱ्या यंत्राची) सुई त्याच क्षणी काय दाखवते ते सांगायचं. रिपीटरचा संपर्क तारेवर नसून हातावरच असतो. म्हणून सुई आणि हात यांचं पटलं नाही तर सुईवर विश्वास ठेवून निघून येऊ नका.

तार तुटली तर हात स्वतःच्या किंवा समतोल वजनाने धोक्याच्या स्थितीत आलाच पाहिजे, हा या रचनेचा पाया आहे. २१ जानेवारी १८७६ ला ॲबॉट्स रिप्टन इथे बर्फ गोठल्यामुळे सिग्नलचे हात मोकळे असल्याच्या स्थितीतच अडकून राहिले आणि मोठा अपघात झाला. तेव्हाचा हात खांबाच्याच फटीत शिरायचा, आणि त्या फटीत बर्फ भरला होता. आजही हाताच्या बिजागरीवर जाड ग्रीसचा थर चढवणं चुकीचंच आहे. थंडीत तो घट्ट होतो. तिथे पातळ तेल हवं, आणि तेही पुसून उरेल इतकंच.

प्रश्न : मी भारतीय रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो. आमच्याकडे सांध्याच्या टोकापासून १५० मिलिमीटरवर ५ मिलिमीटरचा तुकडा ठेवून कुलूप पडत नाही ना, हे बघत. ब्रिटनमधल्या वारसा मार्गांवर ही चाचणी कशी होते? रॉडने चालणाऱ्या सांध्यांना काय त्रास होतो?

तत्त्व तुम्ही केलंत तेच, मापं वेगळी. तिथे दोन पट्ट्या वापरतात. बंद बाजूची जीभ (सांध्याचा सरकणारा रूळ) आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये ३.५ मिलिमीटरची पट्टी असताना कुलूप पडता कामा नये. १.५ मिलिमीटरची असताना पडलं पाहिजे. पहिली चाचणी सुरक्षेची, दुसरी भरवशाची. कुलूप इतकं घट्ट लावलं की किरकोळ फरकानेही पडेना, तर ऐन गर्दीत सांधा अडतो आणि मग कुणीतरी घाईने ते सैल करतं. दोन्ही चाचण्या सांध्याच्या दोन्ही स्थितींत करायच्या. पट्टीला लांब मूठ असते, बोटं जिभेच्या आत जाता कामा नयेत. लिव्हर ओढणाऱ्याने सांध्यावरच्या माणसाचा शब्द मोठ्याने परत उच्चारल्याशिवाय ओढायचं नाही.

प्लंजरची (कुलपाच्या सरकत्या दांड्याची) आणि तो शिरतो त्या खाचेची कड हाताने चाचपून पाहा. ती काटकोनी आणि धारदार हवी. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी कड गोलावली की प्लंजर उताराने आत शिरतो आणि उघड्या जिभेला ओढून बंद करतो. मग पट्टीची चाचणी कधी पास होते, कधी नाही. अशी कड कानसीने सरळ करायची नाही, कारण त्याने खाच रुंदावते. भाग बदलायचा.

चाचणी फसली की लगेच रॉडचे नट फिरवायचा मोह होतो. तो आवरा. वारसा मार्गांवर निम्म्या वेळा दोष कुलपात नसून सांध्याखालच्या स्लीपरमध्ये असतो. खडी बसून स्लीपरखाली पोकळी झाली की गाडी गेल्यावर रूळ खाली-वर होतो आणि मापं हलतात. पोकळ स्लीपरवर कुलूप जुळवलंत, तर रूळ विभागाने खडी ठोकून भरल्याच्या दुसऱ्या दिवशी तोच सांधा पुन्हा बिघडेल. आधी त्यांना बोलवा, खडी भरून घ्या, दोन-चार गाड्या जाऊ द्या आणि मग जुळवा.

रॉडचा त्रास पुन्हा तापमानाचाच. २०० मीटरचा रॉड ३० अंशांच्या फरकाने ७२ मिलिमीटर लांबतो. म्हणून लांब रॉडच्या मध्यावर भरपाईचा क्रँक बसवतात. तो हालचालीची दिशा उलटवतो, त्यामुळे एका अर्ध्या भागाची वाढ दुसरा अर्धा खातो. हा क्रँक खऱ्या मध्यावर आहे का, हे मोजून पाहा. मार्गाची फेररचना करताना रॉड वाढवतात आणि क्रँक जागच्या जागीच राहतो, असं होऊ शकतं. मग उन्हाळ्यात सांधा एका बाजूला आणि हिवाळ्यात दुसऱ्या बाजूला कमी बसतो, आणि लोक वर्षातून दोनदा नट फिरवत राहतात.

शेवटी सांधा आणि सिग्नल यांचा संबंध तपासायचा. जीभ पट्टीने उघडी ठेवून त्या सांध्याचं सिग्नल ओढून पाहा. डिटेक्टरची (जीभ नीट बसली नसेल तर सिग्नल अडवणाऱ्या भागाची) पट्टी अडली पाहिजे आणि लिव्हर येता कामा नये.

प्रश्न : एकेरी मार्गावरच्या टोकन यंत्रातून टोकन निघेनासं झालं तर कुठे शोधायचं? आणि टोकनं एका स्टेशनवरून दुसरीकडे नेताना सम संख्येतच का नेतात?

टोकन म्हणजे एकेरी मार्गाच्या त्या तुकड्यात गाडी नेण्याचा चालकाच्या हातातला परवाना. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. १८७४ मध्ये नॉरिचजवळ थॉर्प इथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये विजेवर चालणारं टॅब्लेट (टोकन म्हणून वापरायची चकती) यंत्र आणलं. पुढच्या स्टाफ आणि किल्ली-टोकन यंत्रांतही कल्पना तीच राहिली : दोन्ही टोकांच्या यंत्रांतून मिळून एका वेळी एकच टोकन बाहेर निघावं.

किल्ली-टोकन किंवा स्टाफ यंत्रात प्रत्येक वेळी टोकन काढलं वा घातलं की त्या यंत्राच्या तारांची दिशा आतल्या आत उलटते. दोन्ही यंत्रं एकमेकांशी जुळलेली असली तरच पलीकडून आलेला प्रवाह कुलूप उचलतो. एक टोकन बाहेर गेलं की जुळणी बिघडते आणि दुसरं निघू शकत नाही. ते टोकन कुठल्याही टोकाला परत घातलं की जुळणी पुन्हा होते. म्हणूनच एकीकडे साठलेली टोकनं पलीकडे नेताना दोन, चार, सहा अशी न्यायची. विषम संख्येत नेली तर सगळी टोकनं जागेवर असूनही यंत्र बंद पडेल. हे काम फक्त अधिकृत तंत्रज्ञाने, टोकनांचे नंबर वहीत लिहून आणि दोन्हीकडच्या सिग्नलमनसमोर करायचं.

दोष शोधताना आधी टोकनं मोजा. एखादं चालकाच्या कोटाच्या खिशात राहिलेलं असू शकतं. मग पलीकडचा सिग्नलमन घंटेची कळ पुरेसा वेळ दाबून धरतो आहे का ते विचारा. नवशिका ती लवकर सोडतो. त्यानंतर बॅटरीचा दाब कळ दाबलेली असताना मोजा, मोकळा नाही. हे सगळं ठीक असेल तर तारांवर अलीकडे कुणी काम केलं आहे का, ते वहीत बघा. केबल जोडताना दोन तारांची अदलाबदल झाली की घंटा नेहमीसारखी वाजते, बोलणं होतं, फक्त टोकन निघत नाही. या दोषाने अनुभवी माणसांचेही दिवस घेतले आहेत.

कुलपाची पेटी उघडून बोटाने टोकन सोडवणं कुठल्याही परिस्थितीत करायचं नाही. यंत्र बंद असेल तर पायलटमनच्या पद्धतीने, म्हणजे टोकनऐवजी नेमलेल्या एकाच माणसाच्या परवानगीने, गाडी नेतात, ती त्यासाठीच आहे.

प्रश्न : मॅग्नेटो टेलिफोनवर घंटा खणखणीत वाजते, पण आवाज अगदी पुसट येतो. असं कसं?

कारण घंटा आणि आवाज यांची वीज वेगवेगळ्या ठिकाणांहून येते. मूठ फिरवली की आतलं छोटं जनित्र ६० ते १०० व्होल्टचा, सेकंदाला १६-२० आवर्तनांचा प्रवाह लाइनवर सोडतो. बोलण्यासाठी मात्र त्याच टेलिफोनमधले दोन सेल, म्हणजे अवघे ३ व्होल्ट, कार्बनच्या मायक्रोफोनला पुरवठा करतात. घंटा चांगली वाजली म्हणजे लाइन बहुधा चांगली आहे, शोध टेलिफोनच्या पेटीतच घ्यायचा.

रिसीव्हर उचलून बोलण्याच्या स्थितीत सेलचा दाब मोजा. मोकळा सेल १.५ व्होल्ट दाखवतो आणि भार पडताच एकवर येतो, तो बदला. सेलच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर तार मागे खरवडून नवं टोक करा. पुढे हुकचा संपर्क बघा. हुक अर्धवट उठत असेल तर सेल जोडलाच जात नाही, आणि उलट तो खाली बसत नसेल तर सेल आठवडाभर जळत राहतात. दर महिन्याला सेल संपत असतील तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

यानंतर मायक्रोफोन. त्यातले कार्बनचे कण दमट हवेत आणि एकाच स्थितीत टांगलेले राहून घट्ट बसतात. मायक्रोफोन काढून आडवा धरा, तळहातावर हलकेच टिचकी मारत फिरवा. आवाज सुधारला तर दोष सापडला. पण हा इलाज तात्पुरताच आहे. बदली कॅप्सूल मागवून ठेवा.

एका टेलिफोनचा आवाज ठीक आणि सगळ्यांची घंटा मात्र दबलेली, असं असेल तेव्हा दोष लाइनवर आहे. सगळे टेलिफोन एकाच जोडीवर समांतर टांगलेले असल्याने एकाची गळती सगळ्यांना भोवते. मध्यावरच्या पेटीत लाइन तोडा, दोन्ही बाजूंना घंटा वाजवून बघा, दबलेली बाजू पुन्हा अर्धी करा. खांबावरच्या उघड्या तारा असतील तर चिनीमातीच्या चिमण्यांवरची (तार खांबापासून विजेने वेगळी ठेवणाऱ्या आधारांवरची) काजळी, कोळ्याची जाळी आणि तारेला टेकलेली ओली फांदी हे तीन नेहमीचे गुन्हेगार. पावसात बिघडणारी आणि उन्हात आपोआप सुधारणारी लाइन पावसातच तपासायला जा.

केबलचं रोधन मेगरने (रोधन मोजणाऱ्या यंत्राने) ५०० व्होल्टवर मोजताना दोन्ही टोकांची सगळी यंत्रं आणि कडाडणाऱ्या विजेपासून वाचवणारे रोधक आधी सोडवा, नाहीतर त्यांच्यातलं इलेक्ट्रॉनिक काहीही वाचणार नाही. तारेचा रोध मोजून लांबीशी ताडून बघा. ०.९ मिलिमीटर तांब्याच्या जोडीचा जाण्या-येण्याचा रोध किलोमीटरला सुमारे ५५ ओहम असतो. ३ किलोमीटरच्या लाइनवर १६५ च्या जागी २४० आला तर वाटेत कुठेतरी सांधणी गंजली आहे. आणि उघड्या टोकांना हात लावून काम करताना पलीकडच्या केबिनला घंटा न वाजवण्याची ताकीद देऊन ठेवा. तो १०० व्होल्टचा झटका शिडीवरून खाली पाडायला पुरतो.

प्रश्न : स्ट्राउजर (डायलच्या ठोक्यांवर चालणारं जुनं यांत्रिक) टेलिफोन एक्स्चेंज अजून चालू ठेवण्यात अर्थ आहे का? चुकीचा नंबर लागण्याचं कारण काय असतं?

आहे, कारण त्यातला दोष डोळ्यांना दिसतो. डायल केलेल्या आकड्याइतके ठोके येतात, सिलेक्टर (जोडणी निवडणारा भाग) त्या ठोक्यांनी पायरी-पायरीने वर चढतो, मग पुढच्या आकड्याने आडवा फिरतो. १० पायऱ्या उभ्या, १० आडव्या, म्हणजे १०० जागा. ५० व्होल्टवर चालणारी ही यंत्रणा सेकंदाला १० ठोक्यांसाठी बांधलेली आहे. तेव्हा चुकीचा नंबर लागला की एक्स्चेंजला हात लावण्याआधी त्या टेलिफोनची डायल तपासा : ० फिरवून सोडल्यावर ती साधारण एका सेकंदात परत आली पाहिजे. रेंगाळत असेल तर आतलं तेल वाळलेलं आहे. एक्स्चेंजमधले संपर्क घासायला पॉलिश पेपर वापरू नका, त्याचे कण अडकतात. त्यासाठी मिळणारी गुळगुळीत पोलादी पट्टी दोनदा ओढली की पुरे.

प्रश्न : सिग्नलच्या रॉकेलच्या दिव्याऐवजी पांढरा एलईडी लावला तर हिरवा सिग्नल निळा दिसतो. हा भास आहे का?

भास नाही. रॉकेलची ज्योत पिवळी असते. तिच्यातून हिरवा रंग मिळावा म्हणून चौकटीतली काच मुळातच निळसर केलेली आहे. पिवळी ज्योत अधिक निळसर काच मिळून हिरवा. थंड पांढरा एलईडी मागे ठेवला की पिवळा अंशच जातो आणि काचेचा खरा रंग दिसतो. एलईडी लावायचाच असेल तर ज्योतीच्या छटेचा उबदार दिवा निवडा आणि रात्री चालक जिथून पाहतो त्या अंतरावरून तपासा. शिवाय दिवा चालू आहे हे सांगणारं सर्किट जुन्या बल्बच्या प्रवाहावर बांधलेलं असेल, तर एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की केबिनमध्ये दिवा विझल्याचाच इशारा येतो.

रॉकेलचे जुने दिवे एका भरण्यात सुमारे आठ दिवस जळतात, म्हणून आठवड्याला भरायचे. वात पेटवली की लगेच झाकण लावून निघू नका. बर्नर तापला की ज्योत आपोआप वाढते. आत्ता नीट दिसणारी ज्योत पंधरा-वीस मिनिटांनी काजळी धरते आणि भिंग आतून काळं होतं. ती छोटी ठेवा, स्थिरावू द्या, मग पुन्हा बघून बंद करा. ज्योतीचा मध्य भिंगाच्या मध्याशी आला पाहिजे. दिवा पेटता आहे हे केबिनला कळवणाऱ्या, ज्योतीवरच्या द्विधातू पट्टीचा संपर्क जुळवताना प्रत्येक बदलानंतर काही मिनिटं थांबा, कारण धातू निवायला वेळ घेतो.

प्रश्न : ट्रॅक सर्किटची चाचणी पास होते, तरी गाडी उभी असताना रिले ती नाही असं कसं दाखवू शकतो?

या सदरातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. रुळाच्या तुकड्यावर गाडी आहे का हे विजेने सांगणारं ट्रॅक सर्किट सोपं आहे. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दोन्ही रूळ तुकड्यापुरते विद्युतरोधी जोडांनी वेगळे करतात. एका टोकाला रोधकामार्फत बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात आणि रिले खाली पडतो, म्हणजे मार्गावर गाडी असल्याचं दाखवतो. बॅटरी संपली, तार तुटली, रूळ तुटला, तरी तो पडतोच. म्हणजे बिघाड झाला तरी सिग्नल धोक्याचं राहतं.

पण गंज हे या रचनेतलं छिद्र आहे. वारसा मार्गांवर गाड्या आठवड्यातून दोन-चार दिवसच चालतात, हिवाळ्यात तर आठवडेच्या आठवडे चालत नाहीत. रुळाच्या माथ्यावर लालसर पापुद्रा धरतो, आणि तो कमी व्होल्टला रोधकासारखा वागतो. हलका डबा किंवा रेलकार त्यावरून गेली तर रूळ जोडले जातच नाहीत. विद्युतरोधी चाकांची हातगाडी तर कधीच दिसत नाही.

आता तुमच्या चाचणीबद्दल. रिलेच्या टोकाला ०.५ ओहमचा रोध रुळांवर ठेवायचा, रिले पडला पाहिजे. ही चाचणी करायलाच हवी, पण तिचा चिमटा गंज फोडून आतल्या धातूला धरतो. म्हणजे तुम्ही सर्किट तपासता, माथ्यावरचा पापुद्रा तपासत नाही. माथा डोळ्यांनीच बघावा लागतो : चाकाची चकचकीत पट्टी दोन्ही रुळांवर सलग दिसते का? ती दिसत नसेल, तर ०.५ ओहमची चाचणी पास झाल्याचा काही अर्थ नाही. बंद काळानंतरची पहिली गाडी म्हणून जड इंजिन न्यायचं, सिग्नलमनने त्या काळात रिलेवर विसंबायचं नाही, लिव्हरवर अडकण ठेवून गाडीच्या शेवटच्या डब्यावरची खूण स्वतः पाहायची. जिथे गंज हटतच नाही, अशा बाजूच्या मार्गावर ट्रॅक सर्किटऐवजी आस मोजणारी यंत्रणा हा योग्य उपाय आहे.

दुसरा सापळा पावसाचा. ओल्या खडीतून प्रवाह गळतो, रिलेपर्यंत व्होल्ट कमी पोचतात आणि रिकाम्या मार्गावरही रिले पडतो. गाड्या थांबतात, फोन येतात, आणि कुणीतरी बॅटरीकडचा रोधक कमी करून प्रवाह वाढवतो. त्या दिवशी काम भागतं. मग कोरडं ऊन पडतं, गळती थांबते, रिलेला गरजेपेक्षा जास्त प्रवाह मिळतो आणि गाडी आली तरी तो पडत नाही. म्हणून रोधकाला हात लावला की ०.५ ओहमची चाचणी त्याच दिवशी, आणि पहिल्या कोरड्या दिवशी पुन्हा, दोन्ही नोंदी वहीत. खरा उपाय बहुधा खडीतला चिखल काढणं किंवा रोधी जोडाची झिजलेली पट्टी बदलणं हाच निघतो.

प्रश्न : सुटे भाग कुठून मिळतात? थ्री-डी प्रिंटरवर बनवलेले चालतील का?

मुख्य मार्गांवरच्या जुन्या केबिन बंद होतात तेव्हा निघालेलं सामान हा मोठा स्रोत आहे. ते येतं त्या दिवशीच त्यावर जागा, लिव्हर क्रमांक आणि तारीख लिहा. नाहीतर वर्षभरात तो निव्वळ लोखंडाचा ढीग होतो. झाकणं, नावाच्या पाट्या, केबलचे आधार प्रिंट करायला हरकत नाही. कुलूप, डिटेक्टर, टोकन यंत्र आणि परस्पर-कुलपाच्या पट्ट्या मात्र मूळ धातूच्याच हव्यात, आणि बसवल्यावर प्रत्येक लिव्हर इतर सगळ्या लिव्हरशी ताडून तपासायचा.

रिलेबद्दल एक सूचना. ब्रिटिश ९३० मालिकेतल्या प्लग-इन रिले आणि त्यांच्या बैठकीत प्रकारानुसार ठरलेल्या जागी पिना आणि त्यांना जुळणारी भोकं असतात. चुकीच्या प्रकारचा रिले चुकीच्या जागी बसू नये, एवढंच त्यांचं काम. घाईच्या दिवशी हाताशी असलेला रिले बसत नाही म्हणून त्या पिना कापलेल्या कुठे दिसल्या, तर ते सर्किट लगेच वापरातून काढा, सिग्नलमनला लेखी कळवा आणि रिले पेटीतून बाहेर काढून त्यावर लाल चिठ्ठी बांधा.